गिअरबॉक्स उतरवण्याआधी तेलाचा निकाल लावा

प्रश्न: माझ्याकडे २०१७ ची शेव्हरोले सिल्व्हराडो १५०० एलटीझेड आहे, ५.३ लिटर व्ही-८ इंजिनाची. दोन वर्षांपूर्वी वापरलेलीच घेतली, आता ७८ हजार मैल झालेत. गेले तीन महिने ताशी ३५ ते ६० मैलांच्या दरम्यान पाय हलका ठेवून एकसारखी चालवत असलो की गाडी थरथरते. हायवेच्या कडेला झोप उडवण्यासाठी खाचा मारलेल्या असतात ना, त्यांवरून चाक गेल्यासारखं वाटतं. जास्त रेस दिली की थरथर जाते. चेक इंजिनचा दिवा नाही. सकाळी निघताना पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला जाताना एक धक्काही बसतो. गॅरेजवाल्याने दहा मिनिटं चालवून निकाल दिला : टॉर्क कन्व्हर्टर गेलाय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, ३,८०० डॉलर. महिन्यातून दोनदा मी छोटा ट्रेलर ओढतो. कन्व्हर्टर बदलून टाकू का?
— एक वाचक, राउंड रॉक, टेक्सास

उत्तर: आत्ता नको. गॅरेजवाल्याने बोट बहुधा बरोबर जागी ठेवलंय, पण निकाल चार पायऱ्या आधीच देऊन टाकलाय. कन्व्हर्टरमधला लॉकअप क्लच थरथरणं आणि कन्व्हर्टर कामातून जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या गाडीत ८-स्पीड गिअरबॉक्स असेल, तर या थरथरीचा पहिला आरोपी कन्व्हर्टर नसून त्यातलं तेल आहे. आणि तेल बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

म्हणून आधी गिअरबॉक्स कोणता ते नक्की करा. २०१७ मध्ये ५.३ लिटरची सिल्व्हराडो ६-स्पीड आणि ८-स्पीड अशा दोन्ही गिअरबॉक्सांसह विकली गेली. एलटीझेड या वरच्या आवृत्तीत ८-स्पीड असण्याची शक्यता मोठी, पण तर्कावर पैसे खर्च करू नयेत. ग्लोव्ह बॉक्स उघडा. आत तीन-तीन अक्षरांच्या कोडांनी भरलेलं एक पांढरं स्टिकर असतं. त्यात ‘एमवायसी’ दिसलं तर ६-स्पीड, म्हणजे ६एल८०. ‘एम५यू’ दिसलं तर ८-स्पीड, म्हणजे ८एल९०. स्टिकर फाटलं असेल तर गिअरचा दांडा ‘एम’वर टाकून मोकळ्या हायवेवर एकेक गिअर चढवत मोजा. हे आधी करायचं, कारण दोन्ही गिअरबॉक्सांची तेलं वेगळी आहेत आणि एकाचं दुसऱ्यात अजिबात चालत नाही. खालचं सगळं ८-स्पीड धरून लिहिलंय.

आता थरथर होते कशी ते पाहू, म्हणजे पुढच्या चाचण्या कशासाठी हे लक्षात येईल. कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला, तेलाने भरलेला बंद डबा. त्यात इंजिनाला जोडलेला पंप तेल फेकतो, ते समोरच्या टर्बाइनवर आदळतं आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरतो; मधला स्टेटर परतणाऱ्या तेलाला वळवून सुरुवातीला ओढ वाढवतो. या व्यवहारात थोडी घसर राहतेच आणि ती घसर म्हणजे वाया गेलेलं पेट्रोल. म्हणून वेग पकडल्यावर आतला लॉकअप क्लच पंप आणि टर्बाइन यांना एकमेकांशी बांधतो. नव्या गाड्यांत तो पूर्ण बांधतही नाही. इंजिनाचे ठोके केबिनपर्यंत पोचू नयेत म्हणून काँप्युटर मुद्दाम थोडीशी घसर ठेवतो. क्लचचं अस्तर तेलाच्या पातळ थरावर मैलोन्‌मैल हलकं घासत राहतं, आणि हे घासणं गुळगुळीत ठेवण्याची जबाबदारी तेलातल्या रसायनांची.

ती रसायनं बिघडली की अस्तर पकडतं, सुटतं, पुन्हा पकडतं. जड पाट फरशीवरून ओढला की तो सरळ न येता कर्रकर्र उड्या मारत येतो, तसंच. पाटही शाबूत, फरशीही शाबूत. मधला घर्षणाचा हिशेब तेवढा चुकलेला. जास्त रेस दिल्यावर थरथर जाते याचं कारणही इथेच आहे : काँप्युटर लॉकअप सोडतो किंवा खालचा गिअर टाकतो, आणि घासणंच थांबतं.

या ८-स्पीडमध्ये कारखान्यात भरलेलं डेक्सरॉन-एचपी हे तेल ओल धरतं, असं निष्पन्न झालं. तेलात पाण्याचा अंश वाढला की अस्तराचं घर्षण बदलतं. जनरल मोटर्सने त्यावर डीलरांसाठी तांत्रिक पत्रक काढलं, क्रमांक १८-एनए-३५५. त्यातलं वर्णन तुमच्या पत्राशी जवळजवळ शब्दशः जुळतं : हलका पाय, गिअर बदलत नसताना, खाचांवरून गेल्यासारखा कंप. उपाय सांगितला तो कन्व्हर्टर बदलण्याचा नव्हे, तर जुनं तेल पूर्ण काढून ‘मोबिल १ सिंथेटिक एलव्ही एटीएफ एचपी’ हे तेल भरण्याचा. पत्रक गुप्त नाही. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर गाडीचं मॉडेल आणि वर्ष टाकून ‘मॅन्युफॅक्चरर कम्युनिकेशन्स’ या भागात शोधा, उतरवून घ्या आणि छापून गाडीत ठेवा. गॅरेजच्या काउंटरवर कागद पुढे सरकवला की बोलण्याचा सूर बदलतो.

पण पत्रक जुळलं म्हणून लगेच तेल बदलायलाही धावू नका. याच वेगात, हलक्या पायावर, हीच गाडी आणखी तीन कारणांनी थरथरते. आणि फसगत होते ती नेमकी इथे.

पहिलं कारण म्हणजे चार सिलिंडरांचा खेळ. ५.३ लिटर इंजिन हलक्या ओझ्यावर आठांपैकी चार सिलिंडर बंद करतं, १, ४, ६ आणि ७ क्रमांकाचे. कंपनी याला अ‍ॅक्टिव्ह फ्युएल मॅनेजमेंट (एएफएम) म्हणते. आठाचं चार झालं की आवाज घोगरा होतो आणि सीटखाली एक बारीक गुरगुर जाणवते. कंपनीने ती दाबायचा प्रयत्न केलाय, पण एक्झॉस्टचे हँगर, इंजिन माउंट जुने झाले की ती वर येते. ओळखणं सोपं आहे. स्पीडोमीटरच्या पॅनेलमधल्या पडद्यावर इंधनाच्या पानांत ‘व्ही८’ आणि ‘व्ही४’ असं दिसतं. ते पान उघडं ठेवून चालवा. थरथर फक्त व्ही४ दिसत असतानाच येते आणि व्ही८ झाल्याबरोबर जाते, असं पाच-सहा वेळा झालं तर कन्व्हर्टरला दोष देऊ नका. खात्रीसाठी दांडा ‘एम’वर घ्या. त्या मोडमध्ये ही गाडी आठही सिलिंडरांवर चालते. मग ‘डी’मध्ये ज्या वेगाला आणि ज्या आरपीएमला थरथर येत होती, तोच वेग आणि तेच आरपीएम ‘एम’मध्ये जुळवा. आठही सिलिंडर चालू असताना थरथर तशीच आली तर एएफएम निर्दोष सुटलं.

दुसरं कारण, इंजिनाचं मिसिंग. लॉकअप लागलेलं असताना इंजिन आणि चाकं यांच्यात तेलाची गादी जवळजवळ उरत नाही, त्यामुळे एका सिलिंडरचा चुकलेला ठोकाही थेट अंगावर येतो. कन्व्हर्टर सुटलेला असताना तोच ठोका तेलात विरून जातो. म्हणून ‘लॉकअप लागलं की थरथर’ एवढ्यावरून लॉकअप दोषी ठरत नाही. कित्येक कन्व्हर्टर एका खराब स्पार्क प्लगपायी बदलले जातात. चेक इंजिनचा दिवा नसणं हाही पुरावा नाही, अधूनमधून होणारं मिसिंग दिवा लागण्याइतकं भरतच नाही. स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरचा मिसफायर काउंटर असतो. थरथर सुरू असतानाच तो वाचा. आठांपैकी एकाच सिलिंडरचा आकडा वाढत असेल तर आधी त्याचा प्लग, वायर, कॉइल. आठही शून्यावर असतील तर इंजिन निर्दोष. चढावर, कमी आरपीएमवर पाय थोडा जास्त दाबला की थरथर वाढत असेल तर मिसिंगवर संशय पक्का करा. लॉकअपची थरथर हलक्या पायावर उठते आणि पाय दाबला की बहुतेक वेळा पळते.

तिसरं कारण चाकं, टायर, प्रोपेलर शाफ्ट आणि त्याचे क्रॉस, म्हणजे सांधे. यांचा कंप वेगाला बांधलेला असतो, आरपीएमला नाही. ताशी ५५ मैलांवर आठव्या गिअरमध्ये चालवा, मग ‘एम’मध्ये त्याच वेगाला सहावा घाला. आरपीएम चढलं तरी कंप जसाच्या तसा राहिला, तर गिअरबॉक्सकडे बघायचंही कारण नाही. ज्यांना आकडे आवडतात त्यांच्यासाठी : २७५/५५ आर २० मापाचं टायर एका मैलाला सुमारे ६३० फेरे घेतं, म्हणजे ताशी ६० मैलांवर सेकंदाला साधारण साडेदहा. डिफरन्शियलचं गुणोत्तर ३.४२ असेल तर त्याच वेगाला प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला ३६ फेरे घेतो. फोनमधल्या कंप मोजणाऱ्या अ‍ॅपने साडेदहाच्या आसपास टोक दाखवलं तर टायर आणि बॅलन्सिंग, ३६ च्या आसपास दाखवलं तर शाफ्ट आणि क्रॉस. फोन सीटच्या रुळावर पक्का चिकटवा. हातात धरून मोजलेलं काही कामाचं नाही.

ही तीन कारणं वगळल्यावर लॉकअपची थेट परीक्षा. गाडी किमान २० मैल चालवून गरम करा, थंड तेलात थरथर नीट उठत नाही. सपाट, रिकामा रस्ता बघा. ताशी ४५ मैल धरा, उजवा पाय जिथे थरथर येते तिथेच गोठवा, आणि डाव्या पायाने ब्रेकच्या पेडलला नुसता स्पर्श करा, मागचे दिवे लागतील इतकाच. ब्रेकचा स्विच दाबला गेला की काँप्युटर लॉकअप सोडतो. टॅकोमीटरचा काटा शे-दोनशे आरपीएमने वर उचलला जाईल. त्याच क्षणी थरथर थांबली आणि ब्रेक सोडून लॉकअप पुन्हा लागताच परत आली, तर थरथर लॉकअपच्या वाटेनेच येतेय. मागे गाडी असताना हे करू नका. दिवे लागलेले पाहून मागचा ब्रेक मारतो. ही चाचणी एकट्याने काही सिद्ध करत नाही, कारण लॉकअप सुटलं की मिसिंगही लपतं. मिसफायर काउंटर स्वच्छ असेल तरच हिचं उत्तर मोजायचं.

मग स्कॅनर. ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीच्या काँप्युटरशी बोलणाऱ्या सॉकेटला, लावायचा साधा ब्लूटूथ अडॅप्टर आणि जनरल मोटर्सचे खास पॅरामीटर वाचणारं अ‍ॅप असलं तरी भागतं. तीन रेषा एकत्र काढा : इंजिनाचं आरपीएम, टीसीसी स्लिप (टीसीसी म्हणजे हाच लॉकअप क्लच), आणि लॉकअपला दिलेला हुकूम किंवा दाब. स्लिप म्हणजे इंजिनाचा वेग वजा टर्बाइनचा वेग. निरोगी गाडीत हुकूम स्थिर असताना स्लिपची रेषा एका लहान आकड्याशी शांत पडून राहते. थरथरणाऱ्या गाडीत हुकूम स्थिर असतो आणि स्लिप मात्र करवतीच्या दात्यांसारखी खालीवर नाचते, आणि ते नाचणं तुमच्या बुडाखालच्या कंपाशी जुळतं. हा आलेख साठवून ठेवा. तेल बदलल्यानंतरचा आलेख याच्याशेजारी ठेवायचाय. हुकूम पूर्ण असूनही स्लिप शंभर-दोनशेवर जाऊन तिथेच राहिली, खाली येतच नाही, तर ती थरथर नव्हे. तो क्लच धरतच नाहीये, आणि अशा वेळी सहसा पी०७४१ हा कोड येतो. उलट लॉकअप सुटतच नसेल तर पी०७४२. दिवा नसला तरी साठलेले आणि प्रलंबित कोड वाचून घ्या. कोड आधी पुसून मग गाडी गॅरेजला नेणारे महाभाग असतात. पुरावा आपल्याच हाताने धुऊन टाकायचा प्रकार तो.

आता तेल बघा. या गाडीला तेल मोजायची काठी नाही, त्यामुळे पातळी बघणं आणि नमुना काढणं गाडी लिफ्टवर घेऊनच होतं. इंजिन चालू, गाडी समतल आणि तेल सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानाच्या पट्ट्यात असताना पातळीचा प्लग उघडला की तेलाची बारीक धार किंवा थेंब यायला हवेत. तापमान न बघता प्लग उघडणारा मेकॅनिक असेल तर त्याचं उत्तर धरू नका. गरम तेल फुगतं, थंड तेल आकसतं, आणि दोन्हीकडे पातळी खोटी दिसते. नमुन्याचे चार थेंब पांढऱ्या कागदावर टाका. लालसर किंवा तपकिरी असेल, जळका वास नसेल, तर आशा भक्कम. काळं आणि करपल्याच्या वासाचं असेल तर अस्तर जळतंय. बोटांवर चोळल्यावर चांदीसारखी चमक दिसली तर धातू आलाय, आणि मग नुसत्या तेलाने भागणार नाही. तेल दुधट गुलाबी, पुण्यातल्या स्ट्रॉबेरी मस्तानीसारखं निघालं, तर गाडी तिथेच बंद ठेवा : रेडिएटरच्या आतला तेलाचा कूलर फुटून कूलंट आत शिरलंय. ग्लायकॉल अस्तराचा डिंक सोडवतो. तशा वेळी रेडिएटर आणि गिअरबॉक्स दोन्हीचं काम निघतं.

तेल ठीक दिसलं तर पत्रकाप्रमाणे बदल करून घ्या, आणि इथे गॅरेजला काय सांगायचं ते नेमकं सांगा. ‘पॅन उघडून तेल बदला’ एवढं पुरत नाही. पॅन, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचं भांडं, उघडल्यावर कन्व्हर्टर, कूलर आणि नळ्यांमधलं तेल तसंच राहतं. समजा प्रत्येक वेळी निम्मं बदललं गेलं, तर एका बदलानंतर ५० टक्के जुनं, दुसऱ्यानंतर २५, तिसऱ्यानंतरही साडेबारा टक्के जुनं उरतं. ओल धरणाऱ्या तेलाचा अंश काढायचा हाच तर मुद्दा आहे. म्हणून कूलरच्या नळ्यांना यंत्र जोडून, गिअरबॉक्सच्याच पंपाच्या प्रवाहाने जुनं बाहेर आणि नवं आत असा पूर्ण बदल हवा. त्याला सुमारे २० क्वार्ट, म्हणजे १९ लिटरच्या आसपास तेल लागतं. बिलावर १० क्वार्ट दिसले तर काम अर्धं झालंय असं समजा.

यंत्राने तेल बदललं की गिअरबॉक्स मरतो, ही भीती तुम्हाला कुणीतरी घालेलच. ती पूर्ण निराधार नाही. अस्तराची पूड झालेल्या, काळ्या तेलाच्या गिअरबॉक्समध्ये नवं तेल भरल्यावर उरलीसुरली पकडही जाते, हे खरं. पण तो दोष नव्या तेलाचा नसतो, आधी नमुना न बघण्याचा असतो. म्हणून तर कागदावरचे चार थेंब आधी.

यंत्र ठेवणाऱ्या गॅरेजला आणखी एक प्रश्न विचारा : यंत्रात आधी कोणतं तेल होतं? ६-स्पीडचं डेक्सरॉन-सहा किंवा १०-स्पीडचं डेक्सरॉन यूएलव्ही नळ्यांत उरलेलं असेल तर तुमच्या गिअरबॉक्समध्ये खिचडी होते. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं लिहिलेलं तेल, किंवा थरथर घालवणारी बाटली, दोन्ही नाही म्हणा. बाटलीने महिना-दोन महिने आराम पडतोही, पण मूळ ओल तिथेच राहते आणि पुढच्या तपासणीत तेलाचा नमुना काहीच खरं सांगत नाही.

तेल बदलून बाहेर पडल्यावर थरथर लगेच गेली नाही तर भांडायला परत जाऊ नका. अस्तरात मुरलेलं जुनं तेल निघायला वेळ लागतो. पत्रकही सुमारे २०० मैलांची मुदत देतं. ते २०० मैल हायवेवर एकसारख्या वेगात जास्त चालवा, लॉकअप लागलेलं असतानाच अस्तर धुतलं जातं. तोवर ट्रेलर लावू नका. २०० मैलांनी तोच रस्ता, तोच वेग, तोच आलेख. करवतीचे दाते सपाट झाले असतील तर काही शे डॉलरांत काम झालं.

सकाळच्या धक्क्याचा या थरथरीशी थेट संबंध जोडू नका. रात्रभर उभ्या गाडीतल्या क्लचांच्या पोकळ्यांमधलं तेल खाली उतरतं, आणि पहिल्या बदलाला काँप्युटर जेवढा वेळ धरून चालतो तेवढ्यात पोकळी भरत नाही. मग क्लच आपटून लागतो. या ८-स्पीडमध्ये ही तक्रार वेगळी नोंदलेली आहे. दिवसातून एकदाच होत असेल तर सहन करण्यासारखं आहे. तेल बदलल्यावर डीलरकडून गिअर बदलांची शिकवण पुन्हा करून घेता येते, त्याने फरक पडू शकतो. पण थरथर बरी झाली आणि धक्का राहिला, तर तेलाचा उपाय फसला असं समजू नका.

आता कन्व्हर्टर खरोखरच गेला असेल तर तो कसा बोलतो, हेही ओळखून ठेवा. तेल बदलून २०० मैलांनंतरही स्लिप नाचत राहिली, किंवा दोन-चार महिन्यांत थरथर परतली, तर अस्तर झिजलंय किंवा चकाकलंय. तिथे कन्व्हर्टर बदलण्याला पर्याय नाही. सिग्नलला थांबताना इंजिन हिसके देऊन बंद पडतं, क्लच न दाबता थांबवलेल्या गाडीसारखं, तर लॉकअप अडकून बसलंय, मात्र दोष कन्व्हर्टरचाच असेल असं नाही, व्हॉल्व्ह बॉडीतला, म्हणजे तेलाची वाट ठरवणाऱ्या भागातला, व्हॉल्व्ह किंवा सोलेनॉइडही अडकतो. जागेवरून उठताना गाडी मेल्यासारखी, पण एकदा वेग घेतला की ठीक, असं असेल तर स्टेटरचा एकाच दिशेने धरणारा क्लच घसरतोय. जागेवरून झकास पण हायवेवर दम लागतो आणि तेल तापतं, तर तोच क्लच जाम झालाय. ब्रेक दाबून ‘डी’मध्ये घातल्यावर घरघर येते आणि ‘पी’ किंवा ‘एन’मध्ये जाते, तर आतलं बेअरिंग बघा : ‘एन’मध्ये टर्बाइन इंजिनाबरोबर फिरतो म्हणून बेअरिंगला फारसं काम नसतं, ‘डी’मध्ये टर्बाइन थांबतो आणि घासणं सुरू होतं. आणि आयडलला लोखंडी टकटक येत असेल, तर कन्व्हर्टरचं नाव घेण्याआधी फ्लेक्सप्लेटला चीर पडली आहे का, बोल्ट सैल आहेत का, हे खालचं झाकण काढून टॉर्चच्या उजेडात बघायला सांगा. फ्लेक्सप्लेट हा इंजिनाला कन्व्हर्टर जोडणारा, तुलनेने स्वस्त पत्रा आहे.

स्टॉल टेस्ट तुम्ही घरी करू नका. ब्रेक पूर्ण दाबून ‘डी’मध्ये पूर्ण रेस द्यायची आणि आरपीएम कुठे अडकतं ते बघायचं, अशी ती जुनी पद्धत. पाच सेकंदांपेक्षा जास्त चाललं तर कन्व्हर्टरमधलं तेल उकळल्यासारखं तापतं. शिवाय आताचे काँप्युटर मध्येच इंजिनाची ताकद कापतात, त्यामुळे आकडा विश्वासाचा राहत नाही. तुमच्या तक्रारीत ती काही नवं सांगणारही नाही, लॉकअप तिच्यात लागतच नाही.

ट्रेलर ओढताना पडद्यावर गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान उघडं ठेवा. १८० ते २१० फॅरनहाइट हे रोजचं. टेक्सासच्या उन्हात चढावर २२० ला टेकून परत आलं तरी घाबरायचं कारण नाही. २५० च्या दिशेने चढत राहिलं तर टो-हॉल बटण दाबा, वेग कमी करा, आणि तरी उतरत नसेल तर बाजूला घेऊन ‘पी’मध्ये इंजिन चालू ठेवा, म्हणजे तेल कूलरमधून फिरत राहील.

तुमच्या पॉवरट्रेनची वॉरंटी ५ वर्षं किंवा ६० हजार मैलांची होती. ती दोन्ही बाजूंनी संपली. या ८-स्पीडवरून जनरल मोटर्सविरुद्ध अमेरिकेत सामूहिक दावे झालेत, पण त्यांच्या निकालावर डोळे लावून काम पुढे ढकलू नका, थरथरत चालवलेला प्रत्येक मैल अस्तर खातो. आधीच्या मालकाने हे तेल बदलून घेतलं होतं का, हे मात्र डीलरला व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) देऊन विचारा. बदलून झालेलं असेल आणि तरी थरथर असेल, तर सगळी गणितं कन्व्हर्टरच्या बाजूला झुकतात.

हेच वाचून महाराष्ट्रातले हायलक्स किंवा व्ही-क्रॉस ऑटोमॅटिकचे मालक मोबिलचं हे तेल शोधू लागतील, तर थांबा. ते पत्रक तुमच्या गाडीचं नाही. हायलक्सला टोयोटाचं एटीएफ डब्ल्यूएस लागतं, व्ही-क्रॉसला इसुझुच्या मॅन्युअलमध्ये दिलेलंच. चार सिलिंडरांचं डिझेल असल्याने व्ही४-व्ही८ची भानगड तुमच्याकडे नाही, स्पार्क प्लगही नाहीत. मिसिंगच्या जागी इंजेक्टरचा संशय धरा. ब्रेकच्या स्पर्शाची चाचणी आणि स्लिपचा आलेख मात्र तसेच्या तसे चालतात.

शेवटी कन्व्हर्टर बदलायचाच ठरला, तर ३,८०० डॉलरांत काय काय येतं ते लिहून घ्या. पॅन उघडून आतला चुंबक तुमच्यासमोर पुसायला सांगा : करडी मऊ लापशी असेल तर ती रोजची झीज, टोचणारे कण किंवा तुकडे असतील तर नुसता कन्व्हर्टर बदलून पैसे वाया जातील, गिअरबॉक्स आतून बघावा लागेल. फिल्टर नवा हवा. कूलर आणि नळ्या धुतल्या पाहिजेत, नाहीतर जुन्या अस्तराची पूड पहिल्याच दिवशी नव्या कन्व्हर्टरमध्ये जाते. धुऊन स्वच्छ होत नसेल तर कूलर बदला. नवा कन्व्हर्टर बसवण्याआधी त्यात थोडं तेल ओतलेलं असावं, आणि तो फिरवत फिरवत पूर्ण आत बसला आहे हे बेलहाउसिंगचे, म्हणजे कन्व्हर्टरवरच्या कवचाचे, बोल्ट आवळण्याआधी मोजून बघितलेलं असावं. तो अर्धवट बसलेला असताना बोल्टांनी ओढून घेतला तर पंपाचा भाग मोडतो, आणि नवा कन्व्हर्टर घालून बाहेर पडलेली गाडी दुसऱ्या दिवशी टोच्या ट्रकवरून त्याच गॅरेजमध्ये परत जाते. कामाची हमी किती मैलांची, हे बिलावर लिहून घ्या, आणि जुना कन्व्हर्टर उतरवण्याआधी तुमचा आलेख त्यांना दाखवा.